झाकणावरच्या सहा खाचा

मामा स्क्रीनला हात लावायचे. लांबून दाखवायचे नाहीत, बोट टेकवून फिरवायचे. शेंगदाणे खाल्लेलं, तेलकट बोट. मॉडेलच्या गोलाईवरून ते वरून खाली, खालून वर, परत वरून खाली जायचं आणि मी खुर्चीत दात आवळून बसायचे. एकदा न राहवून म्हणाले, "मामा, काच आहे ती. सपाट आहे. तिथं तुमच्या बोटाला काय लागणार?"

"तुला नाय लागत ना," ते म्हणाले, "म्हणून तर मी मागं उभा हाये."

मी रुमालानं स्क्रीन पुसायचे. पाच मिनिटांनी पुन्हा बोट.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारी एक टूलरूम होती. तिथं मी नऊ वर्षं डिझाइनला होते. वर काचेच्या खोलीत आम्ही चौघं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचो आणि खाली मशीनवर त्याबरहुकूम पोलाद कोरलं जायचं. मामा या दोन्हींच्या मधले. आमचं मॉडेल त्यांनी तपासल्याशिवाय खाली जायचं नाही. मूळचे पाचोडचे, शिक्षण आयटीआय. आधीची वीस-बावीस वर्षं हातानं साचे घासण्यात गेलेली. कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशीला टेकले होते, तरी सहा महिन्यांत शिकले आणि आमच्या डोक्यावर येऊन बसले. मालकसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे. खरं नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावाचं माझ्यामुळं जे व्हायचं ते एकदा झालेलं आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटर सुरूच करू दिला नाही. कागदातून काढलेला कोरा आंघोळीचा साबण हातात दिला. फुगीर वडी, तिच्यावर खोलगट अक्षरं.

"डोळे मीट. अक्षराच्या भिंतीला नख लाव. सरळ हाये का तिरपी?"

"तिरपी."

"का?"

मी चांगल्या मार्कांनी मेकॅनिकल झालेली मुलगी. म्हणाले, "माहीत नाही."

"मंग घरी जा. उद्या सांग."

मला वाटलं गंमत आहे. नव्हती. सकाळी अकराला मी साबण घेऊन घरी. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "भिंती तिरप्या असल्या की साबण साच्यातून सुटतो. सरळ असत्या तर अडकला असता."

"कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"काय करतात वडील?"

"पोस्टात आहेत."

"त्यांनाच आणायचं की मग कामाला," मामा म्हणाले आणि निघून गेले. हे त्यांनी पुढं नऊ वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगितलं.

साबण मात्र मी विसरले नाही, कारण आमच्या धंद्यातलं सगळ्यात किचकट काम तेच. सपाट पाट्यावर खाच पाडणं कुणालाही येतं. गोलाईवर खाच पाडायची तर प्रश्न येतो की आत जायचं कुठल्या दिशेनं. गोलाईला काटकोन धरून आत गेलात तर खोली सगळीकडं सारखी येते आणि खाच देखणी दिसते. पण साचा उघडतो सरळ वर. घुमटाकार झाकणाच्या उतारावर अशी काटकोनातली खाच पाडली तर तिची वरची भिंत आत दबलेली राहते, घराच्या वळचणीसारखी. साच्यातला पोलादाचा उंचवटा त्या वळचणीखाली शिरतो आणि साचा उघडताना झाकणाला फाडत वर येतो. म्हणून भिंती साच्याच्या दिशेनं मोकळ्या कराव्या लागतात. मग खाच इकडं उथळ, तिकडं खोल दिसते. दिसणं आणि सुटणं यांत सुवर्णमध्य काढायला मामा तीन-तीन दिवस घ्यायचे. तीन दिवस माझ्या खुर्चीमागं ते उभे, शेंगदाणे खात.

पुण्याहून एकदा एक डिझायनर आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. लहान मुलांच्या बाटलीच्या घुमटावर त्याला कोरलेलं फूल हवं होतं. "सिंपल आहे," तो म्हणाला. "फ्लॅट आर्टवर्क आहेच, ते फक्त गुंडाळायचं."

मामांनी त्याच्या फुलाची छापील प्रत काढली, पिशवीतून खरबूज काढलं आणि दोन्ही त्याच्यापुढं ठेवलं. "बसवा."

"म्हणजे?"

"गुंडाळा म्हणालात ना. गुंडाळा. एकबी सुरकुती नको."

पहिल्यांदा तो हसला. मग मालकांकडं पाहिलं. मालक खिडकीतून बाहेर काहीतरी महत्त्वाचं बघत होते. शेवटी त्यानं बाह्या वर केल्या आणि अर्धा तास ओला कागद खरबुजावर बसवत राहिला. एक पाकळी बसली की दुसरीला घडी पडायची. अर्ध्या तासानं मामांनी कागद काढला, त्याच खरबुजाच्या फोडी केल्या आणि त्याच्याच चित्रावर मांडून त्याला खायला दिल्या. "आता किती पाकळ्या कमी करायच्या ते बोलू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑर्डर गेली असं आम्ही सगळेच धरून चाललो. पण त्या माणसानं पाकळ्या कमी केल्या आणि पुढं आणखी दोन कामं आणून दिली. मामांचं सगळ्यात असह्य काय असेल तर हे. ते बरोबर निघायचे. अधूनमधून चुकले असते तर मी त्यांच्यावर मनापासून प्रेम केलं असतं.

आता तिळाबद्दल सांगते.

मॉडेल तपासून झालं, बोट फिरवून झालं, की मामा मला खुर्चीतून उठवायचे आणि स्वतः बसायचे. वस्तूच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, अर्ध्या मिलिमीटरचा एक खळगा करायचे. तो त्यांचा तीळ. कुठल्याही नियमाच्या कागदावर तो नव्हता, पण खाली मशीनवर त्यालाच मान होता. तिथं एक म्हातारे चाचा होते, ते फाइल उघडून आधी आत डोकावायचे. "मामा का तिल है ना? बस, चढा दे." तीळ नसेल तर मालकांनी सांगूनही ते पोलाद मशीनवर चढवायचे नाहीत. आणि तीळ पडला की मॉडेलला कुणी हात लावायचा नाही, हेही ठरलेलं. कुणी ठरवलं होतं कुणास ठाऊक, पण आठ वर्षांत कुणी मोडलं नव्हतं.

नवव्या वर्षी मी मोडलं.

पाण्याच्या जारचं घुमटाकार झाकण होतं. फिरवताना बोटं घसरू नयेत म्हणून कडेच्या उतारावर सहा खाचा. मामांनी त्यावर चार दिवस घालवले होते. प्रत्येक खाचेच्या भिंती मोकळ्या केल्या, उतार दिला, मॉडेलच्या यादीत त्यांना नावंही स्वतः दिली. खाच एक, खाच दोन, अशी सहापर्यंत. मग तीळ लावला आणि पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस पाचोडला गेले.

त्याच दुपारी गिऱ्हाइकाचा मेल आला. खाचा वरच्या बाजूनं पसरट दिसतात, माहितीपत्रकासाठी जरा बरं चित्र पाठवा. मी मॉडेल उघडलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू ज्या क्रमानं घडली त्या क्रमाची यादी बाजूला दिसते. मागच्या पायरीवर जाऊन बदल केला तर पुढच्या पायऱ्या आपोआप पुन्हा घडतात. मी मागं गेले. सहाही खाचा एका कमांडनं गोलाईला काटकोनात करून टाकल्या. वीस मिनिटं लागली. खोली सगळीकडं सारखी, कडा रेखीव. चित्र पाठवलं. गिऱ्हाइकाचं लगेच उत्तर आलं की छान.

आणि यादीच्या तळाशी तीळ जिथल्या तिथं होता.

मी वेगळी प्रत करायला हवी होती. केली नाही. जुन्या खाचा परत आणायला हव्या होत्या. आणल्या नाहीत. घाईत होते, फोन आला, विसरले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं असं आहे की मला त्या खाचा आवडल्या होत्या. मामांनी चार दिवस घालवून जे वाकडंतिकडं केलं ते मी वीस मिनिटांत नीट केलं असं मला वाटत होतं. भिंती तपासायची एक कमांड असते, जिथं अडकणार तिथं लाल रंग दाखवणारी. ती मी चालवली नाही. लाल दिसेल अशी कुठंतरी धाकधूक होती, हेही आता कबूल करते.

मामा परत यायच्या आत फाइल खाली गेली. चाचांनी आत पाहिलं, तीळ दिसला, पोलाद चढवलं.

पहिल्या चाचणीला झाकण साच्यातून सुटेना. ऑपरेटरनं पितळी सळईनं ठोकून काढलं तर सहाही खाचांच्या वरच्या कडा फाटलेल्या, ओठ चिरल्यासारख्या. दुसरं तसंच. तिसरं तसंच. साचा वाया गेला होता आणि गिऱ्हाइकाची तारीख चार दिवसांवर होती.

मालकांनी सगळ्यांना वर बोलावलं. मॉडेल मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि झाकण उलटं केलं.

"मामा, हा तीळ तुमचाच ना?"

"माझाच."

"मग ह्या भिंती दिसल्या नाहीत तुम्हाला?"

मामा स्क्रीनजवळ गेले. पहिल्या खाचेच्या वरच्या भिंतीवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या. असं सहाही खाचांवरून बोट फिरवलं. मी दाराशी पाण्याच्या मशीनपाशी उभी होते, हातात भरलेला पेला. बोलायला एकच वाक्य होतं. मामांनी केलेलं मी बदललं.

"नाय दिसलं," मामा म्हणाले.

तीळ पडलेल्या मॉडेलला कुणी हात लावत नाही यावर त्यांचा इतका विश्वास होता की कुणी लावला असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आपले डोळे गेले असतील, हे मात्र लगेच आलं.

मी पेल्यातलं पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी बोलेन असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मामा डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, घाई नाही. मामांनी हट्टानं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. महिन्याभरानं काळा चष्मा लावून परत आले आणि माझ्यामागं येऊन उभे राहिले. पण बोट पुढं आलं नाही.

"पोरी, मला ही भिंत बरोबर वाटतीय. तू एकदा बघ बरं."

मला विचारत होते. मी बघायचे, बरोबरच असायची. "बरोबर आहे, मामा." "नक्की ना?" "नक्की." "लई वेळा बघितलं, तरी वाटतं राहिलं असंल." दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. मला चीड यायची. स्वतःची यायला हवी होती, पण खरं सांगते, त्यांचीच यायची. एवढा ताठ माणूस एका झाकणानं असा कसा मोडतो? पूर्वीसारखं खेकसत का नाही माझ्यावर? ते पूर्वीसारखे झाले असते तर मलाही झालं गेलं विसरता आलं असतं.

तीळ त्यांनी आपणहून बंद केला. चाचा दोनदा वर येऊन गेले. "मामा, तिल नही दिखा." मामा म्हणाले, "आता मॅडमला विचारा." मॅडम म्हणजे मी. आठ महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या समारंभात शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि भाषण. भाषण मला करायला लावलं. मी त्यांच्या नजरेचं कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा मान खाली घालून नारळाची शेंडी सोलत होते.

त्यांची जागा मला मिळाली.

याला बारा वर्षं झाली. मी आता शेंद्र्याच्या एका कंपनीत आहे, हाताखाली माणसं आहेत. मामा अधूनमधून आठवायचे आणि मी विषय बदलावा तसा विचार बदलायचे. मागच्या महिन्यात गारखेड्यात मेथीची जुडी बघत होते, तर शेजारी मामी. मामांची बायको. त्यांनीच मला ओळखलं.

"मामा कसे आहेत?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"काय सांगू बाई तुला. वैताग आणलाय. गॅस बंद केला की मला हाक मारतात, बंद झाला का बघ. दाढी केली की बघ, कुठं राहिली का. कुलूप लावतात आणि मला ते ओढून बघायला लावतात. अर्ध्या रस्त्यावरून दोनदा माघारी आणलंय मला कुलपासाठी." मामींनी जुडी पिशवीत कोंबली. "आधी ह्यांना दुसऱ्या कुणाचं पटायचं नाय. आता सोताचंच पटत नाय. नोकरीत काहीतरी चुकलं म्हणं, तवापासून. तुला तर ठावंच असंल."

मला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी त्यांच्याकडं गेले. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरून जिना. मामा पार वाळले होते. मामी आत तयार होत होत्या, दोघांना शेजारच्या गल्लीत बारशाला जायचं होतं. मी चहा नको म्हणाले आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. मेल, वीस मिनिटं, तीळ, पाण्याचा पेला. त्यांच्याकडं न बघता.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कमांड कुठली वापरली?"

मी सांगितली.

"भिंती तपासल्या नाय?"

"नाही."

"मंग तिथंच चुकलीस."

मी बारा वर्षांचं ओझं त्यांच्यापुढं ठेवलं होतं आणि हा माणूस माझं मॉडेल तपासत होता. मला जुनीच चीड आली, अगदी तशीच, दात आवळायला लावणारी.

"मी दिला होता तो उतार किती अंशाचा?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तीनच. मला आठवतंय तीन." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "म्हंजे मी केलं होतं ते बरोबर होतं."

"हो मामा."

"थांब. हिला येऊ दे. परत पहिल्यापासून सांग."

"मामा, मी मामींना नंतर—"

"परत सांग. बारा वर्षं तिनं माझं चुकलं असंच ऐकलंय."

मामी बाहेर आल्या, नवी साडी, हातात बारशाचं झबलं. मी उभ्यानं पुन्हा सांगितलं. मधे मामांनी दोनदा अडवलं. "चार दिवस लागले होते मला, तीन नाय." "खाचा सहा होत्या, ते सांग." मग त्यांनी फोन काढला, चाचांना लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्यासमोर धरला. "चाचा, ही काय सांगती ते ऐका." मी तिसऱ्यांदा सांगितलं. पलीकडून चाचा नुसते हं हं करत होते. शेवटी म्हणाले, "मैं बोला था ना मामा, तुम ऐसा नही करते. तुम ही नही माने." मामांनी फोन बंद केला.

मामींनी मला एकच विचारलं. "त्या खोलीत तू होतीस, हे 'नाय दिसलं' बोलले तवा?"

"हो."

"आणि निरोपाला भाषण तूच केलं."

"हो."

"चल," त्या म्हणाल्या. मला नव्हे, मामांना. "उशीर होतोय. तिकडं पाळण्यात घातलं असंल."

मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण दोघं चपला घालायला लागले. आम्ही तिघं बाहेर आलो. मामांनी दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. मामींचा हात सवयीनं कुलपाकडं गेला.

"राहू दे," मामा म्हणाले. "लागलंय."

मामींनी हात मागं घेतला आणि त्यांच्याकडं बघितलं. मग पदर सावरून त्या पुढं झाल्या. मी भिंतीकडं सरून मामांना वाट दिली. ते माझ्या शेजारून खाली गेले, माझ्याकडं न बघता, पूर्वी मशीनवर जायचे तसे भरभर. चार पायऱ्या. पाचव्या पायरीवर थांबले.

मग परत वर आले, कुलूप मुठीत धरलं आणि एकदा ओढून बघितलं.